वाचकांचे प्रश्न : लहान बाग, डाळिंबाचे संशोधन आणि पाण्याचा हिशोब

गेल्या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे डाळिंबाविषयी आहेत, आणि सोलापूर जिल्ह्यातून येणाऱ्या पत्रांत तसे असणे स्वाभाविकच आहे. पत्र लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे एक ते तीन एकर बाग आहे, एक विहीर किंवा एक बोअर आहे आणि बागेवर काढलेले कर्ज आहे. म्हणून उत्तरे देताना मी सतत एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली आहे : ज्याच्याकडे एकच बाग आहे, त्याला विक्रमी उत्पादनापेक्षा बहार, म्हणजे फुला-फळांचा एक हंगाम, वाया न जाण्याची हमी जास्त मोलाची असते. फळपिकांवरील संशोधन त्याच्या कामाचे आहे की नाही, हे त्याच कसोटीवर पाहिले पाहिजे.

प्रश्न : माझी दोन एकर भगवा डाळिंबाची बाग आहे. सलग दोन वर्षे मृग बहार धरला आणि दोन्ही वर्षे तेल्याने निम्म्याहून अधिक माल गेला. केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र होऊन इतकी वर्षे झाली, तरी तेल्यावर औषध का निघत नाही? आमच्यासारख्या लहान शेतकऱ्याला या संशोधनाचा नेमका उपयोग काय? (एक वाचक, तालुका सांगोला)

उत्तर : आपल्या पत्रातील राग मला समजतो. तोडणीला महिनाभर उरलेला असताना फळावर काळा तेलकट डाग उमटतो, त्या डागातून फळ उकलते आणि व्यापारी बांधावरूनच परत फिरतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला औषधाची वाट पाहणे हाच एक आधार वाटतो. परंतु तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. झॅन्थोमोनास गटातील हा जिवाणू पानाच्या, फांदीच्या आणि फळाच्या आत शिरल्यानंतर त्याला बाहेरून फवारलेल्या औषधाने नाहीसे करता येत नाही. तो शिरण्याआधी अडवावा लागतो. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीत झाली. आपल्याकडे मात्र २००० नंतरच्या काही वर्षांत त्याने हाहाकार उडवला, आणि केगावचे केंद्र २००५ मध्ये सुरू झाले ते याच संकटाच्या काळात. त्यानंतरच्या कामातून जे हाती आले, ते बाटलीत भरून विकता येईल असे नाही. ते एक वेळापत्रक आहे आणि स्वच्छतेची एक शिस्त आहे. दुकानात मिळत नाही म्हणून कदाचित आपल्याला ते संशोधन वाटत नाही.

वेळापत्रकाचे आधी पाहू. तेल्याला ऊब आणि ओल दोन्ही लागतात. साधारण २८ ते ३८ अंश तापमान, ढगाळ हवा आणि पावसाचे उडते थेंब मिळाले की एका झाडावरचा रोग आठवडाभरात ओळभर पसरतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर असला तरी त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, परतीच्या दिवसांत पडतो. मृग बहाराला जून-जुलैमध्ये फूल येते, म्हणजे ऐन सप्टेंबरात फळ लिंबापेक्षा मोठे झालेले असते आणि नेमके तेव्हाच ते पावसात भिजते. हस्त बहारात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फूल येते आणि फळ वाढते ते कोरड्या, थंड हवेत. भगव्याला फुलापासून तोडणीपर्यंत साधारण सहा महिने लागत असल्याने हा माल मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि तेल्याच्या तावडीतून बराचसा सुटतो. तेल्याच्या पट्ट्यात हस्त बहार घ्यावा, ही शिफारस यातूनच आली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण अनेक सल्ल्यांत ती वगळली जाते. आपण मृग बहार धरला तो अज्ञानामुळे नव्हे. मृगाला पावसाचे पाणी मिळते, विहिरीवर भार पडत नाही. हस्त बहाराला ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत विहिरीचे पाणी द्यावे लागते, आणि आंबे बहाराला तर ऐन उन्हाळ्यात. लहान शेतकरी मृगाकडे वळतो तो पाण्याच्या टंचाईमुळे, आणि तीच निवड त्याला तेल्याच्या तोंडी देते. म्हणून बहार बदलण्याचा निर्णय हा प्रत्यक्षात पाणी साठवण्याचा निर्णय आहे. शेततळे असेल किंवा विहीर मार्चपर्यंत टिकत असेल, तर दोन एकरांपैकी निदान एक एकर यंदा हस्त बहारावर न्यावा. दोन्ही एकर एकाच बहारात ठेवणे मला धोक्याचे वाटते.

हस्त बहारासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताण द्यावा लागतो, म्हणजे झाडाचे पाणी तोडावे लागते, आणि त्याच काळात पाऊस असतो, ही त्यातील खरी अडचण. हलक्या, मुरमाड जमिनीत पाऊस उघडल्यावर ताण लवकर बसतो. काळ्या भारी जमिनीत तो बसतच नाही. पुरेसा ताण न बसल्यास इथेफॉनची फवारणी करून पानगळ करतात. त्याचे प्रमाण झाडावर पाने किती पिवळी पडली आहेत यावर ठरते, म्हणून ते शेजाऱ्याच्या बागेवरून ठरवू नये. प्रमाण जास्त झाले तर पानांबरोबर कोवळ्या फांद्याही वाळतात.

आता स्वच्छता. तोडणी झाल्यावर झाडाला तीन ते चार महिने पूर्ण विश्रांती द्यावी. लागोपाठ बहार घेणाऱ्या बागेत रोगाचा साखळदंड तुटतच नाही. डाग पडलेली फांदी डागाच्या दोन इंच खाली कापावी आणि प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. झाडाखाली पडलेली पाने व फळे वेचून बागेबाहेर जाळावीत, कारण वाळलेल्या पानात हा जिवाणू कित्येक महिने तग धरतो. फळे बांधावर किंवा ओढ्यात टाकण्याची सवय आपल्या भागात फार आहे. ती सोडली पाहिजे, आणि एकट्याने सोडून भागत नाही. वाडीतील सगळ्यांनी मिळून ठरवले तरच उपयोग होतो.

छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी. हे मिश्रण घरी करणे स्वस्त आहे, मात्र घाईने केल्यास ते निरुपयोगी ठरते. एक किलो मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या पिंपात एक किलो कळीचा चुना थोड्या पाण्यात फोडून, गाळून, ५० लिटर करावा. नंतर मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतावे आणि लाकडी काठीने सतत ढवळावे. तयार झालेल्या आकाशी रंगाच्या मिश्रणात विळ्याचे स्वच्छ घासलेले पाते मिनिटभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर दिसला तर मिश्रण अजून आम्लधर्मी आहे असे समजून थोडी चुन्याची निवळी घालावी आणि पुन्हा पाहावे. पाते होते तसे निघाले की मिश्रण फवारणीयोग्य झाले. ते त्याच दिवशी संपवावे. रात्रभर ठेवलेले मिश्रण वापरू नये. खोडाला लावण्यासाठी हेच घटक दहा लिटर पाण्यात घेऊन पेस्ट करतात.

आपण विचारलेल्या उपयोगाचे उत्तर माझ्या मते यातच आहे. बहाराची निवड, विश्रांती, निर्जंतुक कात्री आणि बोर्डो या चारही गोष्टींना पैसा कमी आणि नेम जास्त लागतो, आणि नेमाच्या बाबतीत दोन एकरांचा मालक वीस एकरांच्या मालकापेक्षा सरस ठरू शकतो, कारण तो प्रत्येक झाड रोज पाहतो.

प्रश्न : नव्या लागवडीसाठी गुटी कलमे घ्यावीत की ऊतीसंवर्धित रोपे? रोपवाटिकेतील गुटी निम्म्याहून कमी दरात मिळते. (एक वाचक, तालुका पंढरपूर)

उत्तर : गुटी कलम, म्हणजे झाडावरच फांदीला मुळे फोडून वेगळे केलेले रोप, हे वाईट नाही; ज्या मातृझाडावर ते बांधले ते झाड निरोगी असेल तर उत्तमच आहे. प्रश्न येतो तो मातृझाड आपल्याला दिसत नाही तेव्हा. तेल्या आणि झाड वाळवणारा मर हे दोन्ही रोग कलमाबरोबर प्रवास करतात. रोपवाटिकेत रोप हिरवेगार दिसते आणि पहिल्या पावसात त्याचे खरे रूप उघड होते.

हे मी स्वतः भोगलेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या घरच्या एका एकरात मी एका रोपवाटिकेतून ३०० गुटी कलमे आणून लावली. ज्या बागेतून कलमे बांधली ती पाहण्याची तसदी घेतली नाही, केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबलो. दुसऱ्या पावसाळ्यात एका पानावर टाचणीच्या डोक्याएवढा डाग दिसला. पान उन्हाकडे धरले तेव्हा डाग पाणी पिल्यासारखा अर्धपारदर्शक होता आणि भोवती पिवळे कडे होते. त्या दिवशी मी ते पान खिशात घालून घरी आणले आणि कितीतरी वेळ टेबलावर ठेवून पाहत बसलो. पुढच्या तीन वर्षांत निम्मी बाग काढावी लागली. रोपामागे वाचवलेले काही रुपये मला झाडामागे शेकडो रुपयांना पडले.

ऊतीसंवर्धनात प्रयोगशाळेतील निर्जंतुक वातावरणात रोप वाढवले जाते, त्यामुळे ते बागेत येताना रोग घेऊन येत नाही. डाळिंबाची अशी रोपे तयार करण्याची आणि ती बाहेरच्या हवेला सरावताना मुळांना उपयुक्त जिवाणू-बुरशींची जोड देण्याची पद्धत केगावच्या केंद्रात विकसित झाली आहे. परंतु रोगमुक्त रोप आणि रोगप्रतिकारक रोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊतीसंवर्धित भगवा हादेखील भगवाच असतो; शेजारच्या रोगट बागेतून पावसाचे थेंब आले तर त्यालाही तेल्या होतो. विक्रेता 'या रोपाला तेल्या येतच नाही' असे म्हणाला, तर त्याच्याकडून रोप घेऊ नये.

गुटीच घ्यायची झाल्यास मातृबाग पावसाळ्यात, म्हणजे रोग दडून राहू शकत नाही अशा वेळी, स्वतः जाऊन पाहावी. रोपाची पिशवी फाडून मुळे पाहावीत. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते सूत्रकृमींचे, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमींचे लक्षण आहे, आणि अशी पिशवी शेतात आणणे म्हणजे पुढील मर रोगाला वाट करून देणे आहे. पावती घेताना तिच्यावर वाण, संख्या आणि तारीख लिहून घ्यावी.

प्रश्न : माझ्या नावावर ३० गुंठे मुरमाड जमीन आहे, एक बोअर आहे. यजमान नोकरीनिमित्त पुण्यात असतात, शेती मीच पाहते. डाळिंब लावावे की बोर, सीताफळ? घरची काळी जमीनही थोडी आहे, तिथे लावले तर चालेल का? (एक वाचक भगिनी, तालुका मंगळवेढा)

उत्तर : ताई, काळ्या जमिनीपासून सुरुवात करायची झाल्यास तिथे डाळिंब लावू नये. खोल काळ्या रानात पाण्याचा निचरा होत नाही, ताण बसत नाही आणि मुळे गुदमरतात. ते रान ज्वारीचे आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते उगाच नाही. डाळिंबासाठी आपले मुरमाड रानच योग्य.

पुढचा प्रश्न पाण्याचा आहे आणि तो अंदाजाने सोडवू नये. साडेचार बाय तीन मीटर अंतरावर ३० गुंठ्यांत सुमारे २२५ झाडे बसतात. पाण्याचे गणित असे करतात : एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर पसरले म्हणजे ते एक लिटर असते. उन्हाळ्यात एखाद्या दिवशी आठ मिलिमीटर बाष्पीभवन झाले, तर त्याला ०.७ ने गुणून येणारा आकडा म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर ही पिकाची मूळ गरज. बागेत पूर्ण पाने आणि फळे असतील तर तिच्या ९० टक्के, म्हणजे पाच मिलिमीटर धरावे. झाडाच्या सावलीखालचे क्षेत्र सहा चौरस मीटर असेल, तर त्या झाडाला दिवसाला सुमारे ३० लिटर पाणी लागेल. २२५ झाडांना ६,७५० लिटर. झाडे लहान असताना किंवा थंडीत हा आकडा पुष्कळ खाली येतो, आणि विश्रांतीत तर अगदीच कमी होतो. बाष्पीभवनाचे आकडे हवामान केंद्राच्या साप्ताहिक सल्ल्यात मिळतात.

आता आपल्या बोअरचे पाणी मोजा. मार्चअखेर सकाळी मोटार अर्धा तास चालू द्या आणि मग २०० लिटरचे पिंप धारेखाली ठेवा. चार मिनिटांत भरले तर तासाला ३,००० लिटर पाणी आहे, म्हणजे २२५ झाडांना सव्वादोन तास पुरेल. पिंप भरायला बारा मिनिटे लागत असतील तर तेवढ्याच पाण्याला पावणेसात तास मोटार चालवावी लागेल, आणि विजेचे वेळापत्रक पाहता ते जमणारे नाही. हे मोजमाप एकदा मार्चमध्ये आणि एकदा मेमध्ये, सलग दोन वर्षे केले असेल तर उत्तम. निदान यंदाचे करून मगच खड्डे घ्यावेत.

पाणी कमी भरले तर बोर आणि सीताफळ यांचा विचार मनापासून करावा. ही दोन्ही झाडे आपल्या हवेला धरून वागतात. बोर एप्रिल-मेमध्ये पाने गाळून झोपी जाते, त्याच वेळी त्याची छाटणी करतात, आणि पाऊस पडला की नवी फूट येऊन हिवाळ्यात फळ तयार होते. म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याकडे पाणी नसते त्या महिन्यांत ते पाणी मागतच नाही. बोराची लागवड करताना आणलेले रोप लावण्यापेक्षा जागेवरच गावठी बोराचे बी टोकून, रोप पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर त्यावर उमराणसारख्या वाणाचा डोळा भरणे जास्त चांगले, कारण त्याचे सोटमूळ न दुखावता सरळ मुरमात खोल जाते. सीताफळ पावसाबरोबर फुलते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास विकायला येते. दोन्हींचे दोष मात्र लक्षात घ्यावेत. बोराला भुरी आणि फळमाशी, सीताफळाला पिठ्या ढेकूण त्रास देतात. बोराला डाळिंबाचा भाव मिळत नाही, आणि पिकलेले सीताफळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे बाजार जवळ हवा.

कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात १९३० च्या दशकापासून चालू आहे, आणि त्याचा मला कळलेला अर्थ इतकाच की जमिनीने आणि पावसाने जे ठरवून दिले आहे त्याच्याशी भांडणारे पीक लहान शेतकऱ्याला परवडत नाही. १९९० नंतर रोजगार हमी योजनेच्या जोडीने फळबागांना शंभर टक्के अनुदान मिळू लागले तेव्हा आपल्या जिल्ह्यातील माळरानांवर बोर, सीताफळ, डाळिंब उभे राहिले. त्यातील कित्येक बोरीच्या बागा नंतर डाळिंबासाठी काढल्या गेल्या, आणि पाणी आटल्यावर त्या जागी काहीच उरले नाही. आपण एकट्या शेती पाहता, मजुरांचीही अडचण असणार. माझा सल्ला विचाराल तर १५ गुंठे सीताफळ किंवा बोर आणि १० गुंठे डाळिंब असे करून पाहावे, आणि पाच गुंठे शेततळ्यासाठी राखावेत.

प्रश्न : 'सोलापूर लाल' हा वाण लावावा का? भगव्यापेक्षा तो चांगला आहे काय? (एक वाचक, तालुका बार्शी)

उत्तर : 'सोलापूर लाल' हा केगावच्या केंद्राने २०१७ मध्ये प्रसारित केलेला संकरित वाण आहे. त्याच्या वंशावळीत भगवा आणि गणेश यांच्याबरोबर 'नाना' हा बुटका प्रकार आणि हिमालयातील 'दारू' नावाचे आंबट रानडाळिंब आहे. त्याचे वैशिष्ट्य पोषणात आहे : १०० ग्रॅम ताज्या दाण्यांत ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम लोह असते, तर भगवा वाणात ते २.७ ते ३.२ मिलिग्रॅम असते. जस्त आणि क जीवनसत्त्वही जास्त आहे. उत्पादन हेक्टरी २३ ते २७ टन मिळते. तेल्याला दाद न देणारा वाण म्हणून मात्र तो प्रसारित झालेला नाही, तेव्हा ती अपेक्षा ठेवू नये. बाजारातील व्यापारी आजही भगव्याचा रंग आणि जाड साल पाहून भाव करतात. म्हणून आधी खरेदीदार कोण, रस किंवा प्रक्रियेसाठी कोणी घेणार आहे का, याची खात्री करावी आणि तोवर १५-२० झाडांवर अनुभव घ्यावा.

प्रश्न : बागेत अधूनमधून एखादे झाड एका बाजूने पिवळे पडते आणि महिनाभरात वाळते. दुकानदार दर वेळी नवे औषध ओतायला देतो. (एक वाचक, तालुका माळशिरस)

उत्तर : हा मर रोग असण्याची शक्यता दाट आहे, पण मर हे लक्षणाचे नाव आहे, त्यामागे बुरशी, सूत्रकृमी किंवा खोडाला सूक्ष्म छिद्रे पाडणारा भुंगेरा, किंवा हे तिन्ही मिळून असू शकतात. कारण कळल्याशिवाय ओतलेले औषध म्हणजे जमिनीत ओतलेला पैसा. वाळलेल्या झाडाचे खोड आडवे कापून पाहावे. आतील लाकडात करडा-तपकिरी ते निळसर काळा डाग चांदणीसारखा पसरलेला दिसला, तर सेरॅटोसिस्टिस या बुरशीचा संशय घ्यावा.

तपासणीसाठी नमुना नेताना बहुतेक शेतकरी पूर्ण वाळलेले झाड नेतात आणि तिथेच चूक होते, कारण मेलेल्या लाकडावर कुजवणाऱ्या इतर बुरशी वाढलेल्या असतात आणि मूळ गुन्हेगार सापडत नाही. अर्धे पिवळे, अर्धे हिरवे झाड निवडावे. त्याची पांढरी बारीक मुळे मुळांजवळच्या ओलसर मातीसह घ्यावीत, खोडाचा वीतभर तुकडा घ्यावा, खोड आणि मुळे कागदात गुंडाळावीत, माती वेगळ्या पिशवीत भरावी आणि त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्रात किंवा केगावला पोहोचवावी. मेलेले झाड मुळांसकट उपटून बागेबाहेर जाळावे, ते पाण्याच्या चारीतून ओढत नेऊ नये, आणि त्याच खड्ड्यात लगेच नवे रोप लावू नये. सूत्रकृमी निघाल्यास ओळींमध्ये झेंडू लावावा; त्याच्या मुळांतून येणारे द्रव्य सूत्रकृमींना मारक असते, आणि फुलांचे चार पैसेही होतात.

प्रश्न : मी कृषी पदविकेचा विद्यार्थी आहे. घरी दीड एकर डाळिंब आहे. तेल्याला प्रतिकार करणारा वाण काढायला इतका वेळ का लागतो? आणि आमच्यासारख्यांना संशोधनात काही हातभार लावता येतो का? (एक वाचक, तालुका मोहोळ)

उत्तर : आपल्या घरच्या झाडाचीच कुळकथा सांगतो, म्हणजे वेळ कुठे जातो ते कळेल. १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदीच्या डाळिंबाच्या बियांपासून वाढलेल्या रोपांतून एक मऊ बियांचे, गोड झाड निवडले. त्याला पुढे १९७० मध्ये 'गणेश' हे नाव मिळाले. गणेशचे दाणे फिकट गुलाबी होते. त्याला लाल रंग द्यावा म्हणून 'गुल-ए-शाह रेड' या रशियन वाणाशी त्याचा संकर करण्यात आला आणि त्याच्या पुढच्या पिढीतील रोपांतून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये मृदुला, २००३ मध्ये आरक्ता आणि त्याच सुमारास भगवा दिला. यालाच गावोगावी शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी अशी नावे आहेत. म्हणजे निवडीपासून आजच्या लाल दाण्यापर्यंत सुमारे सात दशके लागली. संकराचे बी लावल्यावर पहिले फळ दिसायला दोन-तीन वर्षे जातात, शेकडो रोपांतून एखादे निवडले जाते, मग त्याची कलमे करून वेगवेगळ्या ठिकाणी अनेक बहार तपासावी लागतात. रोगप्रतिकार शोधताना आणखी एक पेच येतो : काटक गुण रानटी, आंबट, टणक बियांच्या झाडांत जास्त आढळतात, आणि ते घ्यायला जावे तर आंबटपणाही सोबत येतो. तो घालवण्यासाठी पुन्हा पुन्हा गोड वाणाशी संकर करावा लागतो, आणि प्रत्येक फेरीला काही वर्षे जातात.

यात एक काळजीची बाब आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक बागा आज भगव्याच्या आहेत, आणि कलमांनी वाढवल्यामुळे ती सगळी झाडे अनुवंशाने एकसारखी आहेत. एका झाडाला जो रोग लागतो तो सगळ्यांना सारखाच लागतो. म्हणून बांधावर उगवलेले एखादे बियांचे झाड, जे शेजारी तेल्या असतानाही वर्षानुवर्षे स्वच्छ राहते, त्याला तोडू नका. त्याचे छायाचित्र आणि फळ घेऊन केंद्रात दाखवा. आळंदीच्या रोपांतून गणेश निघाला, तसे आणखी काही कुठल्या तरी बांधावर उभे असू शकते. शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची त्याच्या नावावर नोंदणी करण्याची तरतूद २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात आहे.

आणि हातभार म्हणाल तर दीड एकरात तो रोज लावता येतो. एक वही करा. ताण कधी सुरू केला, पानगळ कधी झाली, पहिली कळी कोणत्या तारखेला दिसली, पाऊस किती आणि कोणत्या दिवशी पडला, तेल्याचा पहिला डाग कोणत्या ओळीतील कितव्या झाडावर दिसला, त्याच्या आधी आठ दिवस हवा कशी होती, काय फवारले आणि त्यावर खर्च किती झाला, हे सगळे लिहा. पावसाच्या नोंदीसाठी साधे प्लॅस्टिकचे पर्जन्यमापक पुरते. केंद्रातील शास्त्रज्ञाकडे प्रयोगाच्या बागा असतात, पण मोहोळच्या माळावरील दीड एकराची पाच वर्षांची सलग नोंद त्याच्याकडे नसते. पुढच्या वेळी नमुना घेऊन जाल तेव्हा ही वहीही सोबत न्या, आणि पहिला डाग सापडला त्या झाडाला आजच खुणेची दोरी बांधून ठेवा.